उन्हाचा वाटा

माझ्या भावाने हिलालनानांना मारलं तेव्हा मी हाकेच्या अंतरावर होते. ओरडून ओरडून माझा घसा फाटला, तरी तो थांबला नाही. हे आधीच सांगते, कारण गाव ही गोष्ट 'ऊन फार होतं' इथून सुरू करतं. होतंच ऊन! वैशाखात धुळ्याकडे ऊन नाही पडणार तर काय धुकं पडेल?

मी धुळ्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. माझं गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे. डोंगरावरची अंजनाची झाडं काही वर्षांपासून वाळत चालली होती. गाव म्हणे, पाऊस फिरला, ऊन वाढलं, आमचा काय दोष? वनखात्याचे साहेबलोक म्हणत, दोष तुमच्या कुऱ्हाडींचा आणि शेळ्यांचा. म्हणून कॉलेजतर्फे आम्ही उताराचा एक तुकडा काटेरी तारेने बंद केला. हिशेब साधा होता. ऊन-पाऊस तारेच्या आत-बाहेर सारखाच, कुऱ्हाड आणि शेळी मात्र फक्त बाहेर. आत जेवढी झाडं वाळतील तेवढा उन्हाचा वाटा, बाहेर त्यापेक्षा जास्त वाळतील तो आपला. राखणीला आमच्याच गल्लीतले हिलालनाना होते. काठी घेऊन ते दिवसभर तारेपाशी बसत आणि अख्ख्या गावाच्या शिव्या खात.

हिशेब लागला. आत दहातली तीन वाळली, बाहेर दहातली आठ. एका सकाळी चहा पिताना मी हे घरात बोलले. प्रेमराजने, माझ्या थोरल्या भावाने, कप खाली आपटला. त्याच्या शेळ्या त्याच डोंगरावर जगतात आणि अंजनाचा पाला तोही तोडतो.

"सोमवारले साहेब येई, तुनं हिरवं कुंपन दखी आनि डोंगर बंद करी. मंग मन्या शेळ्या काय तुन्या पोथ्या खातीन?"

"दहामा तीन झाडं उनघाई मरनात, हाई बी मी सांगसू," मी म्हटलं.

"बठ्ठाच उनघाई मरनात!" सगळीच उन्हाने मेली, असं ठणकावून तो उठून गेला.

रविवारी दुपारी मी मोजमापाची शेवटची फेरी मारायला डोंगरावर गेले होते. तेवढ्यात प्रेमराज आणि त्याच्यासारखेच शेळ्या पाळणारे गावातले भटू आणि वना वर आले. तिघांच्या खांद्यावर कुऱ्हाडी होत्या. आतली झाडंच पाडली की आत काय नि बाहेर काय, साहेबाला सगळं सारखंच दिसेल, हे त्यांचं डोकं. नानांनी काठी आडवी धरली.

"आठे कुऱ्हाड चालनार नही, प्रेमराज."

"सरक, म्हतारा."

नाना सरकले नाहीत. प्रेमराजने कुऱ्हाड उलटी धरली आणि तिच्या मागच्या बाजूने नानांच्या बरगड्यांत हाणलं. नाना वाकले तसा दुसरा घाव डोक्यावर बसला. वनाने काठी हिसकावली आणि पडलेल्या माणसाला त्याच्याच काठीने झोडपलं. मी धावत आले तर भटूने माझा फोन हिसकून दरीत भिरकावला आणि मला तारेवर ढकललं. माझा दंड फाटला. रक्त कुणाचं आणि किती, काही कळत नव्हतं. नाना तापलेल्या खडकावर हात टेकून उठायला बघत होते. प्रेमराजने पाठीवर पाय देऊन त्यांना परत खाली दाबलं.

"पडी रहाय आठेच."

मग तिघं तारेच्या आत शिरले. अंजनाचं लाकूड म्हणजे लोखंड, कुऱ्हाड उसळून अंगावर येते. तरी ते चवताळल्यासारखे तोडत राहिले. त्या उतारावर सावली होती ती तेवढ्याच झाडांची, आणि तीच ते पाडत होते. मी नानांच्या तोंडावर ओढणी धरली, ओठांवर पाणी ओतलं. पाणी लाल होऊन बाहेर आलं. शेवटी मी त्यांना तसंच टाकून गावाकडे पळत सुटले आणि माणसं घेऊन आले. बाजेवर घालून नानांना खाली आणलं. धुळ्याच्या वाटेवर, जीपमध्येच ते गेले.

अंग भट्टीसारखं तापलेलं, तीन बरगड्या मोडलेल्या, डोक्याला खोक. डॉक्टरांनी हे सगळं लिहिलं. गावाने त्यातलं पहिलं तेवढं उचललं. नाना घसरनात, पडनात, ऊन लागनं. जळगाव-धुळ्यात उष्माघाताने माणसं गेल्याचं पेपरात रोज येत होतंच, त्यात आणखी एक. पारावरचे म्हातारे मला समजावायला आले, आपलेच दात, आपलेच ओठ. मला इतका संताप आला की मी त्यांना अंगणातूनच हाकललं.

पण आईला कुठे हाकलणार? "एकच भाऊ शे तुले, माय," एवढंच ती म्हणत राहिली. खरंच होतं ते. पोरीला कशाला शिकवतोस म्हणून गाव हसत होतं, तेव्हा हाच भाऊ मला मोटारसायकलवर बसवून रोज एसटीपर्यंत सोडत होता. माझा त्याच्यावर जीव आहे, आणि त्या दिवसांत त्याच्या नुसत्या खोकण्याचीही मला किळस यायची.

मग नानांची बायको कमलकाकू आली. ती रडली नाही, बसलीही नाही.

"झाडं कसामुळे मरनात हाई तू सांगी दिधं," ती म्हणाली. "आते मना मानूस कसामुळे मरना, हाई सांग."

दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात गेले. चौकशीला बोलावलेला प्रेमराज समोरच्या बाकावर बसला होता. तो माझ्याकडे बघत होता, लहानपणी काही फोडलं की बघायचा तसा.

"मॅडम, मार लागला हे खरं," फौजदार म्हणाले. "पण ऊनही भयंकर होतं. यांचा वकील म्हणणार, म्हातारा माणूस, उन्हानेच गेला. त्यावर तुमचं काय म्हणणं?"

"साहेब, त्या दुपारी आम्ही पाच जण एकाच उतारावर, एकाच उन्हात होतो," मी म्हटलं. "हे तिघं तर त्यात अंजन तोडत होते. तरी चौघं आपापल्या पायांनी घरी आलो. ज्याला मारलं, तेवढाच आला नाही."

प्रेमराजने मान खाली घातली.

"लिहा," मी म्हटलं. "पहिला घाव प्रेमराजने घातला. माझ्या भावाने."