अठरा काड्या

आमच्या ह्यांच्या उजव्या गालात तीस वर्षं खिळे असायचे आणि डाव्या गालात तंबाखू. सुतारकामात दोन्ही हात गुंतलेले असतात, तेव्हा बाकीचं सामान तोंडात ठेवावं लागतं, असं ह्यांचं म्हणणं. रोग निघाला तो डाव्या गालात. तरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हे गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "खिळ्यांचा गंज भोवला." खिळ्यांनी कॅन्सर होत नाही, हे डॉक्टरांनी दोनदा समजावलं. ह्यांनी दोन्ही वेळा मान हलवली आणि पुढच्या पाहुण्याला पुन्हा खिळेच सांगितले.

ऑपरेशन झालं. गालाचा आतला भाग काढून तिथे मांडीची कातडी लावली. मग तीस वेळा रेडिएशन. मी शिवणकाम करते, त्यामुळे ठिगळ कसं लावतात ते मला कळतं. टाके सुबक होते. मी डॉक्टरांना तसं म्हटलं, तेव्हा त्या माणसाला मी पहिल्यांदा हसताना पाहिलं.

खरी कटकट घरी आल्यावर सुरू झाली. रेडिएशननंतर जबडा आखडतो. रोज ताणला नाही तर तोंड हळूहळू मिटत जातं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तोंड उघडलं नाही तर मला आतलं दिसणार नाही. आणि चांगलं उघडणारं तोंड मध्येच मिटायला लागलं, तर रोग परत आल्याचंही ते लक्षण असू शकतं. तसं झालं तर तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी घेऊन या."

हे मी पाठ केलं. लहानपणी पाढे केले होते तसं.

तिथेच आम्हाला संशोधनवाली भेटली. हे नाव मी ठेवलेलं. चष्मा, गळ्यात ओळखपत्र, हातात नेहमी फॉर्मची चळत. जबडा उघडायला स्प्रिंगचं एक नवीन यंत्र आलं होतं. ते जास्त उपयोगी की लाकडाच्या साध्या काड्या, हे तिला सहा महिन्यांत शोधून काढायचं होतं. निम्म्या पेशंटना यंत्र, निम्म्यांना काड्या. कोणाला काय, हे कॉम्प्युटर ठरवणार. कॉम्प्युटरने ह्यांना काड्या दिल्या.

काड्या म्हणजे डॉक्टर जीभ दाबून घसा बघतात ना, त्या. शंभरचं पाकीट. वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये जेवढ्या मावतील तेवढ्या एकावर एक रचून घालायच्या, मग मध्ये आणखी एक सरकवायची आणि दुखेपर्यंत थांबायचं. दिवसातून पाच वेळा. संध्याकाळी किती मावल्या तो आकडा फॉर्मवर लिहायचा आणि खाली 'काळजी घेणारी व्यक्ती' इथे सही करायची. ती व्यक्ती म्हणजे मी.

"अठरा झाल्या की जिंकलो, काकू," संशोधनवाली म्हणाली. "अठरा काड्या म्हणजे जवळजवळ छत्तीस मिलिमीटर. तेवढं उघडलं की जबडा मोकळा."

माझ्या धाकट्या दिरांना हे अजिबात पटलं नाही. भाऊजी म्हणजे आमच्या घरातलं संशोधन खातं. भावाचा रोग कळल्यापासून त्यांनी फोनवर जगातलं एकही संशोधन वाचायचं सोडलं नव्हतं. दर रविवारी येऊन ते आम्हाला आठवड्याचा अहवाल द्यायचे.

"वहिनी, आता म्हणे लाळेच्या थेंबातून कॅन्सर ओळखता येईल. आणि एक औषध आहे, ते ऑपरेशनच्या आधी देतात. आपल्याच रक्तातल्या पेशींना शिकवतात, की हा शत्रू, ह्याला धरा. गाठ आधीच लहान होते म्हणे."

"आणि ऑपरेशन झालेल्या माणसाला आमटीचा चमचा तोंडात घालता यावा, असं काही निघालंय का?"

भाऊजींनी फोनवर बराच वेळ बोट फिरवलं. "आहे एक. पण ते अजून उंदरांवर चाललंय."

"मग उंदरांचं झालं की सांगा."

"जगात एवढं चाललंय आणि दादाला काड्या?" ते चिडून म्हणाले. दादांनी काड्या तोंडात असल्यामुळे मत दिलं नाही.

पहिल्याच दिवशी ह्यांनी एक काडी उजेडात धरली, कडेवरून अंगठा फिरवला आणि असा चेहरा केला, जणू लाकडाचा कोणीतरी अपमान केलाय. मग पॉलिशपेपरचा तुकडा घेऊन बसले. शंभरच्या शंभर काड्यांच्या कडा घासून गुळगुळीत केल्या. माझी हरकत नव्हती. आतली कातडी नवी, हळवी. तिथे कुसळ गेलं तर पुन्हा दवाखाना. शिवाय खरखरीत लाकूड ह्यांनी आयुष्यात कोणाच्या हातात दिलं नव्हतं, ते स्वतःच्या तोंडात कसं घालतील?

पहिल्या आठवड्यात सात काड्या. मग नऊ. मग अकरा. तिसऱ्या महिन्यात चौदा झाल्या. दवाखान्यात पट्टीने मोजलं, तर बरोबर अठ्ठावीस मिलिमीटर भरलं. संशोधनवाली म्हणाली, "काका, काड्यांवाल्यांत तुम्ही पहिले आलात." आयुष्यात कशातच पहिले न आलेले हे परत येताना बसच्या खिडकीबाहेर बघत ऐटीत बसले होते.

मग गाडी अडली. चौदा, चौदा, तेरा, चौदा. मी फॉर्म भरत राहायचे. ब्लाउजच्या बाह्या मी उलट्या लावायला लागले. एका बाईचा गळा पाठीकडे गेला. डॉक्टरांचं ते वाक्य मशिनच्या आवाजाबरोबर डोक्यात फिरत राहायचं. हे पाटावर बसून, तोंडात काड्या धरून, माझ्याकडे बघत असायचे.

आणि एका सोमवारी पंधरा झाल्या. पुढच्या आठवड्यात सोळा. पुढच्या महिन्याच्या अखेरीला मी स्वतः मोजल्या, एक, दोन, तीन करत. अठरा. मी फॉर्मवर अठरा लिहिलं आणि त्याच्याभोवती गोल काढला. गोल काढायचा नव्हता, पण मी काढला. जीव भांड्यात पडला. भाऊजींना फोन करून सांगितलं, "तुमच्या उंदरांना सांगा, आमचं झालं."

आता माझ्या हुशारीबद्दल बोलते. मी सत्तावीस वर्षं लोकांची मापं घेतेय. बाई दारातून आत आली की तिचा घेर मला कळतो. 'मागच्यापेक्षा दोन इंच वाढलाय' हे मी तोंडावर सांगते, म्हणून चार गिऱ्हाइकं तुटलीही आहेत. आणि मी रोज माझ्या नवऱ्याच्या तोंडातून निघालेल्या काड्या मोजल्या. नुसत्या मोजल्या. जाडी बघितली नाही.

सहा महिन्यांच्या तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी मी ह्यांना खिमट दिलं. ह्यांनी ताटलीतला मोठा चमचा बाजूला ठेवला, उठून फळीवरून चहाचा चमचा आणला आणि खायला लागले. एरवी माझं लक्ष गेलं नसतं. पण त्या दिवशी मला आठवलं, की कालही चहाचाच चमचा होता. परवाही. मोठा चमचा मी कितीतरी दिवसांत घासलाच नव्हता.

अठरा काड्या मावणाऱ्या तोंडात मोठा चमचा जात नाही?

 मी ह्यांच्या रोजच्या अठरा काड्यांचा रबरबँड लावलेला गठ्ठा घेतला. दवाखान्यातून एक जादा पाकीट मिळालं होतं, अजून न फोडलेलं. ते फोडून त्यातल्या अठरा मोजल्या, आणि दोन्ही गठ्ठे मशिनच्या टेबलावर शेजारी शेजारी उभे केले. जुना गठ्ठा निम्म्याहून थोडाच वर आला. मी नव्यातल्या एकेक काडी काढत गेले. अकरा उरल्या, तेव्हा दोन्ही सारखे झाले.

हे चमचा हातात धरून बघत होते.

"घासल्यात?" मी विचारलं.

"कुसळ लागत होतं," दातांच्या फटीतून हे म्हणाले.

"कुसळ कडेला असतं. तुम्ही अख्ख्या पट्ट्या उतरवल्यात. निम्मं लाकूड गेलंय."

ह्यांनी एक काडी उचलली आणि अंगठ्याने चाचपली. ह्या माणसाला अर्ध्या मिलिमीटरचा फरक अंगठ्याने कळतो. दार लागत नसलं तर हे न बघता सांगतात कुठे अडतंय ते. तेव्हा कळलं नाही असं म्हणायची सोय नव्हती, आणि हे तसं म्हणालेही नाहीत.

"तोंड मिटतंय हे कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

दोन बोटं वर केली. दोन महिने.

मला इतका संताप आला, की जुना गठ्ठा उचलून मी भिंतीवर मारला. काड्या मोडल्या नाहीत. चांगल्या घासलेल्या होत्या. "अहो, त्याच दिवशी आणा म्हणाले होते डॉक्टर! आणि खाली माझी सही आहे! साठ सह्या केल्यात मी ह्या खोटेपणावर! कोणासाठी केलंत हे? त्या मुलीच्या पहिल्या नंबरासाठी?"

ह्यांनी हातातली काडी खाली ठेवली. मग एकेक शब्द सावकाश काढत म्हणाले, "पंधरा झाल्या. त्या दिवशी तू मशिनवर गुणगुणलीस. वर्षानं."

मी खाली बसले. मला आठवत नव्हतं. मी गुणगुणते हेच मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात संशोधनवाली आम्हाला बघून उठूनच उभी राहिली. तिने मोठ्या कागदावर सगळ्या पेशंटच्या रेघा काढल्या होत्या. ह्यांची रेघ सगळ्यांच्या वर, यंत्रवाल्यांच्याही वर. "काका, तुमच्यामुळे काड्या जिंकणार!" मी पिशवीतून दोन्ही गठ्ठे काढून तिच्या टेबलावर उभे केले. ती बघत राहिली. एकदा ह्या गठ्ठ्याकडे, एकदा त्या.

"हे सुतार आहेत," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

"आमच्या फॉर्ममध्ये ह्याला रकानाच नाही," ती म्हणाली. मग तिने चष्मा काढून पुसला आणि ती स्वतः धावत डॉक्टरांना बोलवायला गेली. त्याबद्दल मी तिला सगळं माफ केलं.

पट्टीने मोजलं. बावीस मिलिमीटर. एवढ्या फटीतून डॉक्टरांना मागचं काही दिसेना. त्याच आठवड्यात भूल देऊन जबडा उघडला, तपासलं, तुकडा काढला. अक्कलदाढेच्या मागे रोग परत आला होता. लहान होता. चण्याएवढा.

"आणखी दोन महिने गेले असते तर..." डॉक्टर म्हणाले.  मला विचारायचं होतं, की दोन महिने आधी आणलं असतं तर? ते विचारलं नाही. हे शेजारच्या खुर्चीवर बसून डॉक्टरांच्या टेबलाचा सांधा तपासत होते. सांधा उघडा पडला होता.  मी ह्यांचा अंगठा माझ्या हातात धरून ठेवला.

दुसरं ऑपरेशन झालं. हाडाचा कोपराही काढला. संशोधनवालीने ह्यांचं नाव यादीतून काढलं आणि तसं पत्र पाठवलं. पत्राखाली पेनने लिहिलं होतं, की पुढच्या अभ्यासात काड्यांची जाडी दर आठवड्याला मोजणार आहोत. भाऊजींनी ते पत्र तीन वेळा वाचलं. "वहिनी, जगाच्या संशोधनात दादाने भर घातली," असं म्हणाले आणि उगाच खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

काल पुन्हा काड्या सुरू झाल्या. नवीन पाकीट. पॉलिशपेपर मी कपाटात कुलूप लावून ठेवलाय आणि किल्ली माझ्या कमरेला आहे. कडा मी घासल्या, माझ्या हाताने, नखाच्या कानशीने. माझं काम वाईट होतं, ते ह्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण ह्यांनी एक शब्द काढला नाही. मी दर काडीला माझी मापाची टेप लावून बघितली. मग ह्यांनी तोंड उघडलं, जेवढं उघडत होतं तेवढं.

एक. दोन. तीन. चौथी अर्धी गेली आणि थांबली.

"तीन," मी म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. तसंच, पाटावर बसून, मागे बघायचे तसं. मी वहीत तीन लिहिलं. खाली सही केली. मग मशिनवर बसले, बाहीला टीप घालायला घेतली आणि गुणगुणायला लागले. कुठलं गाणं ते मलाही सांगता येणार नाही. मधल्या एका ओळीवर आवाज फाटला. मी थांबले नाही.

ह्यांनी तोंडातल्या तीन काड्या काढल्या, पुसल्या आणि रबरबँड लावला.

"घासून आणलेला सूर आहे," हे दातांतून म्हणाले.

"असू दे," मी म्हणाले. "तुम्हाला कुसळ लागतंय का?"

ह्यांनी मान हलवली. नाही. मग काड्या पुन्हा तोंडात घातल्या आणि चौथी सरकवायला लागले.