सोळावी पायरी

आमच्या जिन्याच्या पंधरा पायऱ्या राहिल्या आणि त्याच आठवड्यात माझे वडील वारले.

पण ते वारलेच नाहीत असं धरून चालू. नानय, म्हणजे माझी आई, तसंच धरून चालली आहे. आज सकाळी तिनं त्यांची कॉफी ओतली, कप शवपेटीवर ठेवला आणि म्हणाली, "गार करू नकोस, सेल्मो." सेल्मो म्हणजे तातय, माझे वडील; ते मंगळवारपासून वरच्या खोलीत उताणे पडून आहेत. हा मिस्त्री माणूस एवढा वेळ एका जागी कधी थांबलेला नाही, त्यामुळे मलाच कसंतरी होतंय. खाली गल्लीत रिवाजाप्रमाणे रात्र जागवायला, सोबतीला आलेल्या लोकांचे पत्ते चाललेत. मी जिना चढतो, उतरतो, मोजतो. पंधरा. वरून मोजल्या तरी पंधराच.

"बस की जरा," नानय म्हणते. "पायऱ्या झिजतील."

"झिजून एखादी वाढते का बघतोय."

आमच्याकडे जिना मोजायची रीत आहे. पहिली पायरी सोनं, दुसरी चांदी, तिसरी मरण. चौथीला पुन्हा सोनं. शेवटची कशावर येते त्यावर घराचं नशीब. तातयनी लग्नाआधी हे घर बांधलं तेव्हा मोजून सोळा पायऱ्या केल्या. सोळावी सोनं. खाली सुतारकामाचा कारखाना, वर संसार.

गाव खाडीकाठचं. भरतीचं पाणी रस्त्यावर आलं की बारांगायची, म्हणजे आमच्या गावपंचायतीची, कचेरी रस्ता उंच करते. रस्ता उंच झाला की पाणी घरात येतं. पहिल्यांदा रस्ता चढला तेव्हा आमची खालची पायरी काँक्रीटमध्ये गेली. उरल्या पंधरा, म्हणजे मरण. तातयनी ते शनिवारी पाहिलं. रविवारी चर्चहून आले, शर्ट खुंटीला अडकवला आणि अख्खा जिना काढून टाकला. राहिलेल्या उंचीचे पुन्हा सोळा भाग केले आणि संध्याकाळी सोळाव्या पायरीवर बसून भात-मासळी खाल्ली.

असं नऊ वेळा झालं. मध्ये एकदा चौदा उरल्या होत्या. ती चांदी येते, पण त्यांनी तीही चालवून घेतली नाही. रस्ता चढत गेला, पायऱ्या ठेंगण्या होत गेल्या. आता एकेक पायरी तीन इंचांची आहे. नवा पाहुणा गुडघे उचलून उचलून दमतो आणि शेवटी पोचतो कुठे, तर स्वतःच्या छातीएवढ्या उंचीवर.

"तेरा कर ना," नानय दर वेळी म्हणायची. "तेरावी पण सोनंच."

"आज तेरा, उद्या दहा, मग सात. एकच उरली की त्याला घर म्हणायचं का पाट?"

कारखानाही बुडत गेला; पाणी साचू नये म्हणून दर वेळी त्याची जमीन भरून उंच करायची, छत मात्र होतं तिथंच. आधी तातय उभ्यानं रंधा मारत, मग वाकून, मग स्टुलावर, आणि गेली सहा वर्षं जमिनीवर बसून. तिथूनच त्यांनी अर्ध्या गावाचे दरवाजे केले, चर्चची बाकं केली, माझ्या बहिणीला नर्स केलं, मला पदवीपर्यंत नेलं. रस्त्यातून चालतानाही ते वाकूनच चालायचे. कुणी विचारलं तर सांगायचे, "सवय मोडली की डोकं आपटतं."

आणि मी पदवी घेऊन कुठे लागलो? बारांगायच्या कचेरीत. रस्ता चढवायच्या नोटिसा मीच टाइप करतो.

दहावी नोटीस आली तेव्हा तातय नुकतेच हॉस्पिटलातून सुटले होते. छाती बिघडलेली, डॉक्टरांनी करवत बंद केली होती. मी नोटिसा टाइप केल्या, गल्लीत वाटल्या, आमची तेवढी खिशात ठेवली आणि बारांगायच्या प्रमुख, कप्तानबाई, यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"बाई, एक महिना थांबता येईल?"

"भरतीला विचार," त्या म्हणाल्या. त्यांच्या स्वतःच्या घराचा दरवाजा दोन वर्षांपूर्वीच बुडालाय; त्या पर्स आधी आत टाकतात आणि मागोमाग खिडकीतून जातात. "मिस्त्रीला सांग, खिडकी काही वाईट नसते. सवय होते."

काँक्रीटचं यंत्र गल्लीत घरघरायला लागलं तसे तातय खाटेवर उठून बसले.

"किती इंच?"

"कसले इंच?"

"बोयेत, तुला लहानपणापासून धड खोटं बोलता येत नाही. किती?"

"तीन."

त्यांनी डोळे मिटून भागाकार केला. "एकेक पायरी पावणेतीनची. वर कणभर."

"तातय, डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टरच्या घरी किती पायऱ्या आहेत?"

"लिफ्ट आहे."

"मग त्याला काय कळतंय!"

जिन्याला दोन्ही बाजूंना खाचा पाडलेली एकेक फळी लागते. पहिली त्यांनी तीन दिवसांत केली, दर खाचेनंतर दम खात. मी हात लावायला गेलो तर हातावर फटका मारला. दुसरीवर पेन्सिलीनं सोळा खुणा केल्या. मंगळवारी सकाळी नानय कॉफी घेऊन खाली गेली तेव्हा ते त्या फळीला टेकून बसले होते. पेन्सिल कानावर होती.

पण तसं काही झालेलं नाही असं आपलं ठरलंय, तेव्हा पुढे.

उद्या शनिवारी दुपारी दोनला चर्चमध्ये प्रार्थना आहे. नानय दारात उभी राहून म्हणाली, "पंधरा पायऱ्यांवरून मी त्याला नेऊ देणार नाही."

गल्लीतला दुसरा सुतार, दमास, तिला समजवायला आला. "पुरिंगताई, गेलेल्याला मरणाची काय भीती?"

"त्याला नाही रे. त्याला पोचवून परत वर येणाऱ्यांना."

"बरं, मग दुसरी फळी मी कापतो. दोन तासांचं काम."

"माणूस घरात ठेवलेला असताना झाडूसुद्धा मारत नाहीत, आणि तू करवत चालवणार?"

"मग वर एक फळकूट टाकू. झाली सोळावी."

"सेल्मोनं कधी फळकूट टाकून त्याला पायरी म्हटलंय?"

दमासनं डोक्यावरची टोपी काढली आणि खाली पत्ते खेळायला निघून गेला.

म्हणजे जिना झाल्याशिवाय तातय बाहेर जात नाहीत, आणि तातय बाहेर गेल्याशिवाय जिना होत नाही. मी पुन्हा खाली उतरलो, पुन्हा मोजलं. तसं पाहिलं तर सोळावी कुठे गेलेली नाही. ती रस्त्याखाली आहे. मी तिथे चपलेनं ठोकून पाहिलं आणि तसाच कचेरीत आलो. अर्ज लिहिणारा मी, घेणारा मी, शिक्का मारणाराही मीच. मंजूर करणारा तेवढा मी नाही.

"माननीय कप्तानबाई यांस,

विषय: रस्ता खाली घेण्याबाबत.

महोदया, आमच्या दारासमोरील रस्ता, जिन्याच्या रुंदीपुरता, उद्या शनिवारी दुपारी एक ते पाच या वेळेत तीन इंच खाली घेण्यात यावा, ही नम्र विनंती. पाचनंतर रस्ता पूर्ववत करून देण्याची जबाबदारी माझे वडील घेत आहेत. त्यांनी आजवर कोणाचेही काम अर्धवट ठेवलेले नाही."