डबा वाजून राह्यला म्हणजे ठीक

आमची दिव्यानी एमबीएले नंबर लागाच्या परीक्षेचा अभ्यास तलावाच्या पाळीवर बसून करे. घरी काऊन नाई, असं जो तो मले विचारे. अरे बाप्पा, घरी नेटवर्क असतं तं कोणाले हौस होती जंगलाच्या तोंडाशी जाऊन बसाची? आमच्या गावात मोबाईल म्हणजे तोंड पाहाचा आरसा. पाळीवर आंजनाच्या झाडाखाली गेलं का दोन दांड्या येत, अन् तिथीच तिचे सवाल उघडत.

मी भागीरथा, तिची माय. आमी ढीवर. नवरा इस्तारी तलावात जाळं टाकते, मासोळ्या घेऊन कुरखेड्याच्या बाजारात बसाचं काम माझं. चैत लागला का मोह गळते, मंग जाळं बाजूले अन् सारं गाव टोपल्या घेऊन जंगलात. आमचं मोहाचं झाड पाळीच्या खालीच, उताराले लागून.

मोह वेचणं म्हणजे तासन् तास वाकून बसणं. वाकलेलं माणूस जनावराले माणूस दिसत नाई, आपलंच खाजं दिसते. म्हणून एक जण उभा पाहिजे, अन् हाक पाहिजे. वेचणारीनं मधून मधून "हूऽऽ" कराचं, वरच्यानं "हूऽऽ" म्हणून उत्तर द्याचं. उत्तर नाई आलं का टोपली टाकून पळाचं. नाव कोणाचंच घ्याचं नाई, माणसाचंही नाई अन् त्याचंही नाई. त्या पट्टेवाल्याले आमी जनावरच म्हणतो.

यंदा ते जवळच होतं. पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी पलीकडच्या गावची एक बाई त्यानं मोहाखालून नेली. जंगल खात्याची भोंग्याची गाडी येऊन ओरडून गेली, जंगलात जाऊ नका, जंगलात जाऊ नका. आता मोह काय गाडीवाल्याले विचारून गळते?

तं मी खाली वेचून राह्यली अन् दिव्यानी वर सवाल सोडवून राह्यली, असं आमचं चाले. हाकेचं उत्तर तिच्याकडे. मधात मले सवाल वाचून दाखवे.

"आई, ऐक. सहा जण गोल टेबलाभोवती बसले. हेमराजच्या समोर जया नाई. जयाच्या डाव्या हाताले रीता..."

"मंग जेवाले वाढा म्हणा त्याइले! कोण कुठी बसला, तुले काय कराचं?"

खी खी हासे. पण एक जातीचा सवाल मले आवडला. त्यात उत्तर काढाचंच नाई. दोन गोष्टी देल्या असते, अन् तेवढ्यावर उत्तर निघते का नाई, एवढंच सांगाचं. पुरते का नाई पुरत. मी खालून ओरडो, "पुरते का वं?" अन् ती वरून ओरडे, "नाई पुरत!" ते ऐकून मले बरं वाटे. पोट्टी इथून सुटणार, मोठ्या शहरात जाणार, माझ्यावानी वाकून बसणार नाई, एवढंच मले पाहिजे होतं. दुसरं काही मी देवाजवळही मागितलं नाई.

एक दिवस ती चिडली. "आई, तू हूऽ करतं अन् माझा सवाल तुटते. पेपराचं घड्याळ थांबत नाई. उद्या मले पूर्ण पेपर द्याचा हाय, कानात बोळे घालून, परीक्षेवानी."

माझं डोकं सणकलं. "अन् तुझ्या घड्याळापायी तुझी माय तुटली तं चालते?"

रात्री जेवताना तिनंच तोड काढली. इस्तारीजवळ तेलाचा एक रिकामा डबा होता, आत गोटे भरलेला. मासोळीच्या पिल्लांवर पाणकावळे बसते, तवा दोरी ओढली का तो डबा असा खडखडे का पाणकावळे पार पलीकडे जात. दिव्यानी म्हणे, हा डबा आंजनाले माझ्या डोक्यावर बांधू, दोरी खाली मोहापर्यंत नेऊ. आईनं वेचता वेचता दोरी ओढाची. बोळे घातले तरी एवढा खडखडाट मले ऐकू येते.

"डबा वाजून राह्यला म्हणजे तू ठीक," ती म्हणे. "बंद झाला म्हणजे मी पेपर टाकून धावत येईन."

इस्तारीले मोठं कौतुक. "साहेबीण होते माझी पोट्टी," म्हणे, अन् सकाळी उठून त्यानं दोरी बांधूनही देली. आंजनापासून गवतातून, बेचक्यांवरून, मोहाच्या बुडापर्यंत. मले हाकेचीच सवय, दोरीवर जीव बसेना. पण दोघं बापलेक एका बाजूनं झाले का माझं कोण ऐकते?

त्या सकाळी तिनं पूर्ण पेपर देला. मी मूठभर मोह टोपलीत टाको अन् दोरी ओढो. खडखड, मी ठीक. खडखड, मी ठीक. वर पाहो तं तिच्या डोक्याचा शेंडा दिसे, वाकून मोबाईलात घातलेला. वाकून. हे तवा माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं, पण मी आपल्या दोरीच्या नादात होती.

पेपर संपला तशी ती वरून नाचाले लागली. "आई, मार्क पाय! एवढे कधीच नाई आले!" मी टोपली घेऊन वर चढली. तिनं मले मिठी मारली, अन् तिच्या खांद्यावरून मले मागचा चिखल दिसला. इस्तारी जाळं पिळते ना, तलावाच्या अंगाले, खालून दिसत नाई तिथला ओला चिखल. त्यात पंजे होते. ताजे, पाणी अजून झिरपून राह्यलं होतं त्यात. नुसते चालत गेलेले नव्हते. ते तिथी बसलं होतं. बूड टेकलेलं, शेपटी फिरलेली, सारं छापल्यावानी दिसे. माझ्या लेकीच्या पाठीमागं, हात लांबवला तं लागेल एवढ्यावर बसलं होतं, अन् किती वेळ बसलं होतं देव जाणे. डब्याच्या खडखडाटाले भ्यालंच नाई का त्यापायीच झेप घेताना अडून राह्यलं, तेही देव जाणे.

डबा माझी खबर सांगत होता. तिची खबर कोण सांगत होतं? एवढं आमच्या तिघांच्या डोक्शात आलं नाई.

मी त्या चिखलात जाऊन उभी झाली अन् बोलता बोलता पायानं सारं पुसलं. पुसलं म्हणजे पुसलं. सांगितलं असतं तं ती परीक्षा सोडून मले राखत बसली असती. मले ठाऊक हाय ना ती, माझ्याच पोटची.

दुसऱ्या दिवशी तिले कुरखेड्याले मामाकडे धाडली.

"काऊन एकाएकी?" तिनं विचारलं.

"मामी बोलावून राह्यली. तिथी नेटवर्कही चांगलं हाय. डोकं खाऊ नको."

ती माझ्या तोंडाकडे पाहत राह्यली, पण गेली. इस्तारीले मी खरं सांगितलं. त्यानं त्या बाजूचं जाळंच काढून आणलं. डबा अन् दोरी मात्र तशीच राह्यली. सोडाले तिथी जाणार कोण?

परीक्षा चंद्रपूरले होती. आदल्या दिवशी बाप तिच्यासंगं गेला. मी कुरखेड्याच्या बसस्टँडवर पोहचवाले गेली, तं पोट्टी बसमध्ये पाय ठेवून अडली. "आई, मोहाले जाऊ नको. माझी शपथ."

"नाई जात."

"अन् गेटवर मोबाईल जमा कराच्या आधी मी तुले फोन करीन. तू उचलला नाई तं मी आत जाणार नाई. बाबाले विचार, मी जाणार नाई."

आता सांगा, गावात नेटवर्क नाई. फोन उचलाचा म्हणजे पाळीवर जाणं आलं. मी म्हणलं, शेजारच्या चंदाबाईले संगं नेईन, पाळीवरच उभी राहीन, खाली उतरणार नाई. यावर ती कशीबशी तयार झाली.

परीक्षेच्या सकाळी चंदाबाईची गाय व्याले लागली. ती कशी येते? दुसरं कोणी त्या बाजूले पाय ठेवाले तयार नाई. उन्हं वर आली होती. मी इस्तारीची काठी घेतली, साधा मोबाईल पदरात बांधला अन् निघाली. खाली मोहाचा सडा पडला होता, कोणी वेचलाच नव्हता इतक्या दिवसांत. त्याच्या वासानं डोकं जड होत होतं. मी तिकडे पाहलंही नाई. आंजनाखाली पाठ टेकून उभी राह्यली, बसली नाई.

फोन वाजला.

"आई, कुठी हायेस?"

"पाळीवर. चंदाबाई हाय संगं. तू गेली का नाई आत?"

"गेटवर हाय. लई गर्दी हाय. आई, मले भेव वाटून राह्यलं."

"पेपराचं काय भेव? वाच अन् पाय, पुरते का नाई पुरत. एवढं तं मलेही येते."

ती हासली. अन् तेवढ्यात माझ्या डोक्यावर डबा वाजला.

आंजनाचं पान हालत नव्हतं. तलाव काचेवानी सपाट होता. डबा थांबला, परत वाजला. मी दोरीकडे पाहलं. गवतातली दोरी उचलली जात होती, ढिली पडत होती, परत ताणत होती. खाली मोहाच्या बुडाशी कोणीतरी होतं, अन् ते दोरीशी खेळून राह्यलं होतं.

एवढ्यावर पुरते. तिसरी गोष्ट लागत नाई.

"आई, डबा वाजून राह्यला ना?"

"हाव."

"तू वर हायेस. बाबा इथी माझ्याजवळ हाय. मंग खाली कोण हाय?"

फोनात तिच्या मागून कोणी पुरुष ओरडून राह्यला होता, मोबाईल बंद करा, गेट बंद होते. मी म्हणलं, "चंदाबाई उतरली मोह वेचाले. ऐकते का ती कोणाचं?"

मले वाटलं, ओळखलं इनं. आता ही मागं फिरते, अन् साऱ्या अभ्यासाची माती होते.

"दिव्यानी," मी म्हणलं, आवाज जमेल तेवढा चिडका करून, "डबा वाजून राह्यला म्हणजे ठीक. तूच ठरवलं होतं का नाई? ऐकू येते ना तुले? जा आता!"

"हाव," ती म्हणाली. "जातो. आई, चंदाबाईले म्हण वाकू नको, उभी राह्य."

"सांगतो."

फोन कटला. मी तो पदरात बांधला. गाठ दोनदा मारली.

मंग डबा बंद झाला. दोरी गवतात सैल पडली, अन् खालची रायमुनीची झुडपं हालाले लागली, पाळीकडे, सावकाश. मी काठी दोन्ही हातानं धरून जमेल तेवढी उंच उभी झाली अन् छातीभर "हूऽऽ" केलं.

डबा बंद झाला म्हणजे पोट्टी धावत येणार, असं ठरलं होतं. पोट्टी आत पेपराले बसली होती. कोणी येणार नव्हतं, अन् मले तेच पाहिजे होतं.