निळ्या रंगाची शिडी

पहाटे शालूबाई उठते, अंगणात पाणी मारते आणि चुलीत तुराट्या सारते. धूर थोडा वेळ स्वयंपाकघरात घुटमळतो, मग पत्र्यातून वर गेलेल्या धुराड्यातून बाहेर पडतो. चहा घेऊन ती पडवीत येते. तिथे खाटेवर तिचा नवरा आकाराम पडलेला असतो. ती त्याची मान उचलून चहा पाजते, त्याला कुशीवर वळवते आणि शेळ्या सोडायला जाते. दोघे फारसे बोलत नाहीत. मित्रांनो, मला हे रोज दिसते, कारण समोरच्या भिंतीला टेकून मी उभी असते. मी बांबूची शिडी आहे, आणि आता जुनी झाले आहे.

दहिवडीच्या बाजारातून आकारामने मला खांद्यावरून या वस्तीवर आणले. तो मुंबईत माथाडीचे काम करी आणि यात्रेला गावी येई. यात्रेआधी धुराडे साफ करणे हे त्याचे ठरलेले काम होते. आदल्या दिवसापासून चूल थंड ठेवलेली असे. चढण्यापूर्वी तो माझ्या प्रत्येक पायरीवरून अंगठा फिरवी. चीर लागली, तर ती पायरी बदलून घेई. वर गेल्यावर पत्र्यावर फळी टाकी आणि तिच्यावरच पाय ठेवी. काठीला गोणपाटाचा बोळा बांधून तो काजळी पाडी. खाली शालूबाई पाय रोवून मला धरून असे.

"धरलंय न्हवं?" तो वरून विचारी.

"धरलंय. हात चालवा, भाकरी व्हायच्यात अजून."

वस्तीत शिडी मी एकटीच. मागायला आलेल्याला नाही म्हणण्याची इथे रीत नाही. त्यामुळे मी घरोघर फिरले.

यंदा यात्रेसाठी घराला निळा रंग दिला. डब्यात थोडा उरला, तो वाया जाऊ नये म्हणून शालूबाईने मला लावला. येणारा-जाणारा म्हणे, "शिडी लय झ्याक दिसतीया." इतके कौतुक माझे कधी झाले नव्हते. वरच्या एका पायरीत चीर पडली होती. तिच्यात रंग भरला आणि ती दिसेनाशी झाली.

आकाराम आला. त्याने नेहमीसारखा अंगठा फिरवला. अंगठा रंगावरून सरळ सरकत गेला, कुठे अडला नाही.

पायरी मोडली तेव्हा शालूबाईने मला घट्ट धरले होते. मी हललेसुद्धा नाही. तो तिच्या मागे फरशीवर पडला. कमरेखाली त्याला अजून काही जाणवत नाही. रंगाविषयी त्याने तिला कधी विचारले नाही. तीही बोलली नाही.

आज सकाळी शेजारचा नानासो आला.

"वैनी, शिडी नेतो. धुराडं तुंबलंय, पोरांचं डोळं चुरचुरत्यात."

"न्हाई द्यायची."

"आवं, एकच पायरी मोडलीया. ती वलांडून जातो की. रंग बघा, कोरा हाय अजून."

शालूबाई रंगाकडे बघत राहिली. "त्या रंगावर जाऊ नका, भावजी."

"मग ठेवून काय लोणचं घालताय तिचं?" नानासो हसला. "बरं, तुमी रानात गेला की गुपचूप नेतो."

खाटेवर आकारामने मान वळवली. "नान्या, दहिवडीत लोखंडी शिडी भाड्यानं मिळती. ती आन. आन खाली धराया बायकोला उभी कर."

नानासो हसायचा थांबला. तसाच माघारी गेला.

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. शिडीला रंग लावू नका. तिचे अंग उघडे राहू द्या, म्हणजे तिला कुठे तडा गेला आहे ते तुम्हांला दिसेल. आणि मोडलेली शिडी भिंतीला टेकवून ठेवू नका. ती उभी असली की कोणीतरी चढतोच.

शालूबाई आतून करवत घेऊन आली आहे. तिने मला अंगणात आडवे केले आहे.

"मधनं काप," आकाराम म्हणतो.

ती पाय रोवते, दरवर्षीसारखीच मला घट्ट धरते, आणि करवत चालू लागते.