यांना कसला आलाय व्यायाम?

आमच्या हेडसरांना खेळाचं वावडं आहे असं नाही. मॅच असली की ते ऑफिसचं दार लावून मोबाइल उघडतात. शाळेतल्या पोरींनी खेळावं, एवढंच त्यांना सोसत नाही.

मी अनिता विशे. किन्हवलीच्या पुढच्या एका गावातल्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. म्हणजे शिकवू दिलं तर. माझा तास कधी गणिताला जातो, कधी साहेब येणार म्हणून पटांगण झाडण्यात. मी तक्रार केली की हेडसर म्हणतात, "मॅडम, ही काय मुंबईची पोरं आहेत? पाणी भरतात, मोळ्या आणतात, भात झोडतात. यांना कसला आलाय व्यायाम?" आणि स्टाफरूममधले सगळे माना डोलावतात. चांगली शिकलेली माणसं ही! राबणं आणि खेळणं यातला फरक यांना कळू नये?

म्हणून शाळा सुटल्यावर मी पोरींचा खो-खो सुरू केला. नववीतली भूमिका पहिल्या दिवशी पळायलाही लाजत होती. दिवाळीनंतर तीच पोरगी अशी हुलकावणी द्यायला लागली की पाठलाग करणारी भलतीकडेच धावायची. मग ही खदखदून हसायची. वर्गात तिला तसं हसताना कोणी पाहिलं नव्हतं.

हेडसरांनी पालकसभा बोलावली. खो-खो बंद, त्या वेळात जादा तास. आणि पुरावा म्हणून त्यांनी भूमिकालाच उभं केलं.

"सांग बाळ, रोज घरी काय काय करतेस?"

"पाणी भरते. शेण काढते. भाकऱ्या टाकते. सांजच्याला मोळी आणायची."

"ऐकलंत? हिला आणखी व्यायाम हवा?"

सभा हसली. "खो-खो बंद करायचा ना? हात वर करा," सर म्हणाले. पहिला हात वर गेला तो तिच्या बापाचा, दामूदादांचा. मग सगळ्यांचेच गेले.

माझं डोकं फिरलं. "सर, बैलही दिवसभर राबतो. त्याला कोणी खेळाडू म्हणतं का?"

"मॅडम, पालकांसमोर असं बोलू नका."

भूमिका अजून उभीच होती. खाली बस म्हणायचंही कोणाला सुचलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "मोळी डोक्यावर असली का मान वळवता येत नाय, सर. कोणी हाक मारली तरी सरळच बघायचं. खो-खोत मी पायजे तिकडं वळते."

आता कोणी हसलं नाही. तिची आई, सकुबाई, दिवसभर दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करून तशीच सभेला आली होती. तिनं वर केलेला हात खाली घेतला. "खेळू दे तिला. मोळी मी आणीन."

बाकीच्या बायकांचेही हात एकेक करून खाली आले. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी आणखीच चिडले. सगळ्यांदेखत विचारलं, "दामूदादा, तुम्ही का नाही आणत मोळी?"

दामूदादा ओशाळं हसले. "गडीमाणूस डोक्यावर मोळी घेऊन गावातून गेला तर लोक काय बोलतील, बाई?"

"बोलतील, याची पोर खो-खो खेळते."

त्यांनीही हात खाली घेतला. हेडसर घसा खाकरून म्हणाले, "बरं, चालू द्या खो-खो." पोरींनी खिडकीबाहेर टाळ्या पिटल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्याबरोबर भूमिका मैदानात हजर. मला राहवेना.

"मोळीला कोण गेलं गो?"

"आय," ती म्हणाली आणि अनवाणीच पळत सुटली.

"आणि बाबा?"

"घरीच हायेत. मॅच बघतात."

मी शिट्टी वाजवली. इतक्या रागानं मी ती आजवर कधी वाजवली नव्हती.