थुकेलाच्या पल्याड

रानबोरीच्या फांदीचंसुद्धा तिकीट काढलं होतं.

पांढऱ्या कापडात गुंडाळलेली ती काटेरी फांदी शेजारच्या सीटवर ठेवून म्हातारा म्बेकिसेनी हादेबे गावाकडे जाणाऱ्या पंधरा सीटांच्या टॅक्सीत बसला होता. जोहान्सबर्गच्या ज्या चौकात त्याचा थोरला, मुझिकायिसे, ट्रकखाली गेला, तिथल्या मातीला ती टेकवून पहाटेच त्याने हाक मारली होती, "चल लेका, घरी चल." देह महिन्यापूर्वीच गावी आला, गोठ्यामागे पुरला. पण जीव कुठे आला होता? आईच्या स्वप्नात मुझी रोज रस्त्याच्या कडेला बसलेला दिसे, बूट हातात घेऊन.

फांदी उंबऱ्यात पोचेपर्यंत नेणाऱ्याने दुसऱ्या कुणाशी अवाक्षर बोलायचं नसतं. बोलायचं ते गेलेल्याशी. वळण आलं, घाट आला, सगळं सांगत न्यायचं. नदी तर सांगावीच लागते. न सांगता ओलांडली, तर तो मागच्या काठावर उभाच राहतो.

आणि या बापलेकांत नऊ वर्षं बोलणं नव्हतं.

हॅरिस्मिथला एक जाडजूड बाई टोपली घेऊन चढली. "ती फांदी मांडीवर घ्या की आजोबा! माझ्या गुडघ्यांची जरा दया करा."

म्हाताऱ्याने फांदीवरचं कापड सारखं केलं.

"बहिरे आहेत का हो हे?"

"मावशी, त्या सीटवर माणूस बसलाय," ड्रायव्हर आरशातून म्हणाला. "तुम्ही मागं बसा. आणि टोपली मांडीवर घ्या, तिचं तिकीट नाही काढलंत."

टॅक्सी हसली. बाईने मात्र जीभ चावली. "माफ कर हं बाळा," असं फांदीला म्हणून ती मागे सरकली.

"घाट लागला, लेका," म्हातारा पुटपुटला. "डोंगर उशाला, दरी पायाला. धरून बस."

समोर कडे उभे होते, भाल्यांची रांग रोवावी तसे. त्यांच्या गुहांमध्ये कधीकाळी बुटके शिकारी राहायचे, गवतात बुडतील एवढेच. वाटेत गाठ पडली की विचारायचे, "मी तुला कुठून दिसलो?" 'आत्ताच दिसलास' म्हटलं की बुटकं म्हटल्यासारखंच, बाण आलाच. म्हणायचं, "त्या पलीकडच्या डोंगरावरूनच दिसलास, राजा!" की स्वारी खूश. पाच वर्षांचा मुझी गवतात दडून रोज हेच विचारायचा, "बाबा, मी कुठून दिसलो?"

हे आता बोलावं असं म्हाताऱ्याच्या ओठांपर्यंत आलं. पण गावांची नावं सांगणं सोपं होतं.

नऊ वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला आणि मुझी रिकाम्या हातांनी परत आला. रिकामे तरी कसे, तळ सुटलेले बूट होते हातात. म्हातारा कुंपणाची तार बांधत होता. त्याने मान वर केली नाही. "कोण आलंय? मला तर कुणी दिसत नाही." मुझीने बूट दुसऱ्या हातात घेतले. मग आल्या वाटेने गेला.

घाट उतरला. दोन रात्रींचं जागरण, काचेतून येणारं ऊन. म्हाताऱ्याचा डोळा लागला.

"थुकेलाला यंदा पाणी बरं आहे," मागची बाई कुणाला तरी सांगत होती. "पुलावरून केवढं दिसलं!"

तो दचकून जागा झाला. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं. नदी मागे गेली होती आणि त्याने सांगितलं नव्हतं.

ड्रायव्हरला थांब म्हणायची सोय नव्हती. त्याने फांदी छातीशी धरली आणि साऱ्या टॅक्सीला ऐकू जाईल असं ओरडला, "मुझिकायिसे! मला झोप लागली रे! तू त्या काठाला राहिलास. मी उतरतो. मी मागे येतो!"

करकचून ब्रेक लागला. कुणी हसलं नाही.

"थांबलो असतो, आजोबा," ड्रायव्हर खाली बघत म्हणाला, "पण एवढी माणसं..."

म्हाताऱ्याने हात वर केला, जा म्हणून. बाईने टोपलीतलं भाजलेलं कणीस त्याच्या कोटाच्या खिशात घातलं. टॅक्सी गेली. धुरळा बसला, आणि रस्त्यावर तो एकटा उरला.

तासभर तो चालला. पूल मुकाट्याने ओलांडून पल्याड गेला. काठावर वाकलेलं गवत होतं, एक बगळा होता, माणूस कुणी नव्हतं. त्याने फांदी मातीला टेकवली.

"चल लेका."

गवताचं पातं हललं नाही. आणि का हलावं? ज्याला बापाने पाहिलंच नाही, त्याने कुणामागे यायचं?

म्हातारा खाली बसला. गुडघे वाजले.

"त्या दिवशी तू विचारलं नाहीस," तो म्हणाला. "तरी सांगतो. तू मला फाट्यावरूनच दिसलास. बसमधून उतरलास आणि बूट काढून हातात घेतलेस, तेव्हापासून. डावा खांदा पुढे टाकून चालतोस तू, माझ्या बापासारखा. सगळी चढण मी तुलाच बघत होतो. तार बांधून झाली होती रे. सोडत होतो आणि बांधत होतो, मान वर करावी लागू नये म्हणून."

नदी वाहत होती. ऊन कड्यांवर चढून गेलं, तेव्हा त्याने फांदी उचलली.

"ही थुकेला, लेका. पाणी खूप आहे यंदा. पूल लांब आहे, सावकाश चल."

पुलावर तो गाड्यांच्या बाजूने चालला. कठड्याच्या बाजूला एका माणसापुरती जागा त्याने सोडली होती.