छावणी रोडची पाटी

मी छावणी रोड. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, बसस्टँडपासून जुन्या छावणीपर्यंत पसरलोय. जन्मकथा सांगतोय खरी, पण जन्मावेळचं कुणाला धड आठवतं? तेव्हा माझ्यावरही थोडा संशय धरूनच ऐका.

निजामाच्या राजवटीत पलटणीच्या गाड्या चिखलात रुतायच्या, म्हणून मला घडवायला घेतलं. वेशीबाहेरच्या वस्तीतल्या बायका दगड फोडून खडीचे ढीग लावत. दिवस मावळता मुकादम प्रत्येक ढिगावर चुन्याची रेघ ओढी. सकाळी रेघ तुटलेली दिसली की चोरीचा आळ त्यांच्यावरच.

आता माझी शंभरी भरली. शाळेचे संस्थाचालक अमरसिंह यांना माझ्या कडेला पाटी लावायचीय: हा रस्ता त्यांच्या पणजोबांनी बांधला. त्या मजकुराखाली सही मात्र हवी शाळेतल्या इतिहासाच्या बाईंची, पंचशीलाची. तिची नोकरी अजून कायम नाही. अमरसिंह अचानक तिला ताई म्हणू लागले, तिच्या बाळाला झबलंही पाठवलं. बाळाला कडेवर घेऊन जाताना ती पुटपुटली, "एवढी माया कावून? का मलाच मेलीला उगीच शंका येतात?"

शंका घेऊनच ती वस्तीतल्या छबुबाईकडे गेली. म्हातारीनं आधी बाळ मांडीवर घेतलं, मग सासूची गोष्ट सांगितली. सासू सरूबाई इथंच खडी फोडायची. एका सकाळी तिच्या ढिगाची रेघ तुटलेली निघाली. तिला दिवसभर उन्हात उभं केलं. तान्हं पोर लिंबाखाली रडत राहिलं.

"ढीग उधळला अमरसिंहाच्या पणजोबाच्या घोड्यानं," छबुबाई म्हणाली. "त्यो गुत्तेदार, रस्त्याचा ठेका त्याचाच. समदं ठाऊक हुतं त्याला. बोलला न्हाई."

मीही पाहिलं होतं. पण रस्त्याची साक्ष कोण काढतो?

पंचशीलानं मजकूर खोडून लिहिलं: 'हा रस्ता सरूबाई आणि वस्तीतल्या बायकांनी खडी फोडून घडवला. गुत्तेदाराच्या घोड्यानं ढीग उधळला, आळ सरूबाईवर आला.'

शाळेच्या फाटकाशी अमरसिंहांनी कागद दोनदा वाचला. "ताई, विचार करून लिहिलंय ना?"

"नाही सर, घाबरत घाबरतच लिहिलंय," ती म्हणाली. "पण खोडणार नाही."

त्याला आठवडा झाला. खांबांसाठी दोन खड्डे खणलेत, पाटी अजून आलेली नाही. पंचशीला रोज शाळेत जाते. शिपाई कागद घेऊन वर्गाकडे वळला की तिच्या हातातला खडू थांबतो.

माझं एवढंच मागणं आहे. इकडून गेलात तर पाटी वाचा. तिच्यावर सरूबाई नसेल, तर पुढं जाऊ नका. छबुबाईचं घर विचारा.